पडद्यावरचे भोक

२००८ सालच्या वसुबारसेला आईने अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढली आणि मधला ठिपका चुकला. पंधरा ठिपके, पंधरा ओळी. लग्न होऊन वाईला आल्यापासून दर दिवाळीला काढत आलेली. हात चुकला म्हणून तिने तो भाग पुसला, पुन्हा काढला, पुन्हा चुकला. मग एकेक डोळा झाकून पाहिले तेव्हा कळले की चूक हाताची नव्हती. उजव्या डोळ्याने पाहिले की मधल्या ओळी एकमेकींकडे झुकत आणि त्यांच्या बेचक्यातला ठिपका कुणी गिळल्यासारखा नाहीसा होई. बाजूचे सगळे नीट दिसे.

गावातल्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. "वय झालं आजी, पिकू द्या, मग काढू." आम्ही आठ महिने पिकू दिला. पुढे मुंबईला मामाच्या ओळखीने पडद्याच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा समजले की मोतीबिंदू नावापुरताच होता. पडद्याच्या मधोमध भोक पडले होते. हे शब्द ऐकताच आईचा चेहरा उतरला, कारण ते तिने आधी ऐकलेले होते. १९८५ साली तिच्या थोरल्या बहिणीला, आमच्या मावशीला, मुंबईतच एका मोठ्या डॉक्टरांनी हेच निदान सांगितले होते आणि पुढे म्हटले होते, "याला इलाज नाही." मावशीचा दुसरा डोळा लहानपणी देवीत गेलेला. त्यानंतरची वर्षे तिने कडेच्या नजरेवर काढली. माणसे आवाजावरून ओळखायची, चहा ओतताना कपात बोट धरायचे, पोथी दुसऱ्याकडून वाचून घ्यायची.

आईला मात्र डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करू. नव्वद टक्के भोक बुजेल."

मी डॉक्टर नाही. नोकरी सांभाळून जुनी कागदपत्रे आणि पुस्तके चाळणारा माणूस आहे. पण "इलाज नाही" हे वाक्य १९८५ साली खरे होते आणि २००९ साली खोटे ठरले, तर मधल्या चोवीस वर्षांत ते नेमके कधी आणि कुणी खोटे पाडले, या प्रश्नाने मला सोडले नाही. जमेल तसे वाचत गेलो. त्या वाचनाची ही हकिगत.

डोळ्याच्या आतल्या भिंतीवर पसरलेला जो पातळ थर प्रकाश टिपतो त्याला परिभाषेत दृष्टिपटल म्हणतात; आपण सरळ पडदा म्हणतो. या पडद्याच्या मध्यभागी काही मिलिमीटरचा पिवळसर भाग असतो, तो मॅक्युला किंवा पीतबिंदू. वाचणे, सुईत दोरा ओवणे, माणसाचा चेहरा ओळखणे ही सगळी कामे या एवढ्याशा जागेची, आणि त्यातही तिच्या मध्यातल्या सूक्ष्म खळग्याची. बाकीचा सगळा पडदा आपल्याला भिंतीवर आदळू देत नाही, एवढेच. म्हणून मॅक्युलाला भोक पडलेला माणूस आंधळा होत नाही, पण त्याच्यासाठी जगाचा मधला भाग जातो.

गंमत अशी की या जागेचा शोधच एका चुकीच्या भोकापासून सुरू होतो. १७९१ साली जर्मन शरीरशास्त्रज्ञ सॅम्युएल थॉमस झ्योमरिंग याला मृतदेहाच्या डोळ्यात हा पिवळा डाग दिसला आणि त्याच्या मधोमध त्याला चक्क छिद्र दिसले. प्रत्येक माणसाच्या पडद्याला निसर्गतःच मधोमध भोक असते असे त्याला वाटले आणि 'मध्यछिद्र' अशा अर्थाचे लॅटिन नाव त्याने त्याला दिले. ते भोक नसून खळगा आहे हे नंतर समजले. जिवंत माणसाचा पडदा पाहण्याची सोय मात्र १८५१ साली हेल्महोल्ट्झने नेत्रदर्शक यंत्र प्रसिद्ध केल्यावरच झाली. त्यानंतर अठरा वर्षांनी, १८६९ साली, हेरमान क्नाप याने डोळ्याला मार लागलेल्या रुग्णात मॅक्युलाचे खरे भोक नोंदवले. पुढे हे भोक मार न लागताही, साठीच्या पुढच्या माणसांत आणि त्यातही बायकांत जास्त, पडते हे लक्षात आले. नोंदी वाढल्या, चित्रे निघाली. इलाज सव्वाशे वर्षे निघाला नाही.

त्यामागे एक मोठी भीती होती. बुबुळामागची डोळ्याची पोकळी एका पारदर्शक गराने भरलेली असते. पुस्तकी मराठीत काचाभ द्रव. दिसायला कोवळ्या शहाळ्याच्या मलईसारखा. हा गर म्हणजे डोळ्याचा प्राण, तो सांडला की डोळा गेला, असे पिढ्यान्‌पिढ्या शिकवले जाई. मोतीबिंदू काढताना गर बाहेर डोकावला की शल्यचिकित्सकाच्या कपाळावर घाम येई. पडदा या गराच्या पलीकडे. गराला हात लावायचा नाही, तर पडद्यापर्यंत पोचायचे कसे?

पडदा भिंतीपासून सुटला तर तो पुन्हा चिकटवता येतो हे त्याआधी लोझानच्या झ्यूल गोनँ याने दाखवले होते. त्याच्या आधी सुटलेला पडदा बरा होण्याचे प्रमाण हजारात एक असे धरले जाई. पडदा सुटतो तो त्याला पडलेल्या चिरेमुळे, तेव्हा चीर शोधा आणि बंद करा, एवढेच गोनँचे म्हणणे होते. चीर शोधून तो बाहेरून, तापवलेल्या टोकाने, नेमक्या त्या जागी डाग देई. १९२९ साली ॲम्स्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत जगाने हे मान्य केले. (चौकटीच्या कागदावर रेघा वाकड्या दिसतात का हे पाहून मॅक्युलाचा आजार ओळखण्याची जी चाचणी आज सगळीकडे आहे, ती याच गोनँच्या हाताखाली तयार झालेल्या मार्क आम्सलरची. आमच्या अंगणातल्या पंधरा ठिपक्यांनी तेच काम केले होते; ते वाचता येणारे कुणी नव्हते.) पण गोनँची वाट पडद्याच्या कडेकडेच्या चिरांसाठी होती. मॅक्युलावर डाग देणे म्हणजे भोकाबरोबर उरलेली नजरही जाळणे.

गराची भीती मोडली ती अमेरिकेतल्या मायामीत. १९६०च्या दशकात तिथल्या डेव्हिड कॅस्नरने काही हताश डोळ्यांत बुबुळाचा पारदर्शक भाग उघडून आतला गर स्पंजाने टिपून आणि कात्रीने कापून काढला. डोळे मेले नाहीत. हे जवळून पाहणाऱ्यांत एक तरुण जर्मन डॉक्टर होता, रॉबर्ट माखेमर. त्याच्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे. त्याचे वडीलही डोळ्यांचे डॉक्टर. आई ज्यू वंशाची असल्यामुळे नाझी राजवटीत बायकोमुले धोक्यात होती. युद्धात शौर्यपदक मिळाले तर त्यांना संरक्षण मिळेल म्हणून वडील स्वतःहून सैन्यात गेले आणि १९४२ साली पूर्वेच्या आघाडीवर मारले गेले. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा.

कॅस्नरची पद्धत उघड्यावरची होती. माखेमरच्या मनात आले की डोळा न उघडता, बारीक छिद्रातून आत शिरून हे करता येईल का? पहिले प्रयोग त्याने घरच्या गॅरेजमध्ये केले, कोंबडीच्या अंड्यावर. कवचाला भोक पाडायचे, त्यातून नळीत फिरणारे ड्रिलचे पाते घालायचे आणि पांढरा बलक कापत ओढून घ्यायचा. अंड्यातला बलक चिकट, तार न सोडणारा, डोळ्यातल्या गराला बराच जवळचा. झाँ-मारी पारेल या अभियंत्याच्या मदतीने त्यातून जे हत्यार तयार झाले ते एकाच वेळी कापी, ओढून घेई आणि तेवढेच पाणी आत सोडी, म्हणजे डोळा पिचकत नसे. आत शिरण्यासाठी जागा निवडली ती बुबुळाच्या कडेमागे तीनचार मिलिमीटरवरची. तिथे पडदा अजून सुरू झालेला नसतो. २० एप्रिल १९७० रोजी मधुमेहाने डोळ्यात रक्त साकळलेल्या एका रुग्णावर पहिली शस्त्रक्रिया झाली. आज सगळे जग तिला व्हिट्रेक्टमी म्हणते. त्या पहिल्या हत्याराची जाडी जवळजवळ दीड मिलिमीटर होती. आईच्या डोळ्यात गेलेली हत्यारे त्याच्या निम्म्याहून बारीक होती.

भारतात हे ज्ञान लवकर आले. बॉस्टनमध्ये चार्ल्स शेपेन्स यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. एस. एस. बद्रीनाथ परत आले आणि १९७८ साली त्यांनी चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, शंकर नेत्रालय उभे केले. शेपेन्स हा माणूस तर कादंबरीतला. मूळचा बेल्जियन, युद्धकाळात खोट्या नावाने फ्रान्स-स्पेनच्या सरहद्दीवर लाकडाची गिरणी चालवायचा आणि नाझींपासून पळणाऱ्यांना डोंगरापलीकडे पोचवायचा. दोन्ही डोळ्यांनी पडदा पाहण्याचे, डोक्याला बांधायचे जे यंत्र आज आपल्याकडच्या कुठल्याही नेत्ररुग्णालयात दिसते, ते त्याचे.

तरीही मॅक्युलाचे भोक बाजूलाच राहिले. हत्यार हाती होते, पण भोक का पडते हेच माहीत नव्हते. मावशीला "इलाज नाही" म्हणणारे ते मुंबईचे डॉक्टर त्या वर्षी शंभर टक्के बरोबर होते, हे मला इथे पोचल्यावर मान्य करावे लागले. लहानपणापासून मी त्यांच्यावर मनातल्या मनात राग धरून होतो.

कारण सुचवले ते मायामीच्याच डोनाल्ड गॅस यांनी, १९८८ साली. वयानुसार गर आक्रसतो आणि पडद्यापासून सुटू लागतो. बहुतेकांत तो सहज सुटतो. काहींत मॅक्युलाच्या खळग्यावर त्याचा पापुद्रा चिकटून राहतो आणि पडद्याच्या पृष्ठभागाला समांतर ताण देत राहतो. भोक म्हणजे पडद्याचा तुकडा पडून गेलेला नसतो. ताणाने फट उघडून कडा बाजूला सरकलेल्या असतात. सगळा फरक इथे आहे. तुकडाच गेला असेल तर आणणार कुठून? पण कडा नुसत्या सरकल्या असतील तर ताण काढल्यावर त्या परत येऊ शकतील.

कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो गावी खासगी व्यवसाय करणाऱ्या नील केली आणि रॉबर्ट वेंडेल या दोघांनी हे करून पाहिले. गर काढला, मॅक्युलावर चिकटलेला पापुद्रा सोलला आणि डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला. गवंड्याच्या पाणसळीतला बुडबुडा जसा नेहमी वर जातो तसाच हा. पण मॅक्युला डोळ्याच्या मागच्या भिंतीवर. तिला "वर" आणायचे तर माणसाने तोंड जमिनीकडे करून राहायला हवे. निदान आठवडाभर. १९९१ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला हिशेब छोटा आहे: ५२ डोळे, त्यांपैकी ३० मधले भोक बुजले, आणि त्या ३० पैकी २२ जणांना तक्त्यावरच्या दोन किंवा अधिक ओळी जास्त वाचता आल्या. ऐकणाऱ्यांचा सहजी विश्वास बसला नाही, आणि त्यात नवल नाही. मज्जातंतूंच्या थराला पडलेले भोक बुजते आणि वर दिसूही लागते, हे तोवरच्या शिकवणुकीत बसतच नव्हते. शंका फिटली ती इतरांनी करून पाहिल्यावर, आणि त्याच १९९१ साली जगापुढे आलेल्या ओसीटी या तंत्रामुळे. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीतल्या फुजिमोटो, हुआंग आणि सहकाऱ्यांनी प्रकाशाच्या साह्याने पडद्याचा उभा छेद डोळ्याला न शिवता दाखवला. आईच्या फायलीत तसे दोन कागद आहेत. पहिल्यावर पडदा नदीच्या दरडीसारखा मधोमध तुटलेला, कडा फुगून उचललेल्या. दुसऱ्यावर दरड मिटलेली.

पुढची प्रगती म्हणजे सोलण्याचे कसब. १९९७ साली फ्रँकफुर्टच्या क्लाउस एकार्ट यांनी पडद्याचा स्वतःचा सर्वांत आतला पापुद्राही भोकाभोवती सोलून काढला, म्हणजे ताणाला आधारच उरत नाही. हा पापुद्रा दोनतीन मायक्रॉनचा आणि पूर्ण पारदर्शक. कांद्याच्या पातीवरची साल त्यापुढे गोणपाट. न दिसणारी गोष्ट चिमट्यात धरायची कशी, म्हणून रंग वापरू लागले. आधी हिरवा, आणि तो पडद्याला अपाय करतो अशी शंका आल्यावर निळा. भोक बुजण्याचे प्रमाण नव्वदीच्या पुढे गेले. १९८५ सालचे ते वाक्य जेमतेम बारा वर्षांत इतके जुने झाले होते.

या यशाच्या शेजारीच मात्र एक दुसरी कथा चालू होती. मॅक्युलाचा त्याहून मोठा शत्रू म्हणजे उतारवयातला झिजेचा आजार. त्याच्या ओल्या प्रकारात पडद्याखाली नव्या, फुटक्या रक्तवाहिन्या शिरतात, रक्त झिरपते आणि काही महिन्यांत मधली नजर जाते. लेसरने त्या वाहिन्या जाळता येत, पण वाहिनी खळग्याखाली असेल तर तिच्याबरोबर नजरही जळे. म्हणून पडद्याला बारीक छिद्र पाडून खालून वाहिन्यांचे जाळे चिमट्याने ओढून काढण्याची शस्त्रक्रिया निघाली. माखेमर तर त्याच्याही पुढे गेला. १९९३ साली त्याने लिहिले की खालची जमीन खराब असेल तर मॅक्युलाच दुसऱ्या जागी नेऊ. म्हणजे पडदा सगळ्या बाजूंनी कापून सोडवायचा, गोल फिरवायचा, मॅक्युला निरोगी जागेवर आणायचा आणि पुन्हा चिकटवायचा. त्यानंतर रुग्णाला जग कललेले दिसे, म्हणून डोळ्याचे स्नायू हलवून सगळा डोळाच उलटा फिरवावा लागे. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुन्हा वाचले. माणसाच्या हाताने याहून धाडसाचे काही केले असेल असे मला वाटत नाही.

आणि हे सगळे जवळजवळ पुसले गेले. जाळे ओढून काढण्याच्या शस्त्रक्रियेची अमेरिकेत मोठी, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी झाली. २००४ साली निकाल आले: म्हातारपणाच्या या आजारात शस्त्रक्रिया केलेल्यांची नजर न केलेल्यांपेक्षा सरस राहिली नाही. पाठोपाठ २००५ साली, पुन्हा मायामीतच, फिलिप रोझनफेल्ड यांनी आतड्याच्या कर्करोगावरचे अवास्टिन हे औषध किंचित मात्रेत थेट डोळ्यात टोचले. रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारे हे औषध. सूज ओसरली, नजर सुधारली. २००६ साली याच घराण्यातल्या, खास डोळ्यासाठी बनवलेल्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली, पण महागडे. आपल्याकडे गरिबाला परवडले ते अवास्टिनच. पडदा फिरवण्याची विद्या काही थोड्या रुग्णांपुरती उरली. माखेमर २००९च्या डिसेंबरात वारला. अंड्यावर सुरू केलेली साधी कल्पना जगभर रुजलेली आणि सर्वांत अवघड कल्पना एका सुईने निकाली काढलेली, हे दोन्ही त्याने पाहिले.

आईचे ऑपरेशन जून २००९ मध्ये झाले. भोक ४५० मायक्रॉनचे, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरलाही कमी. आठ महिन्यांपूर्वी आला असता तर लहान असते, असे डॉक्टर म्हणाले; तक्रार म्हणून नव्हे, सहज. भूल जागेपुरतीच होती, तासाभरात बाहेर आली. खरे काम नंतर. दिवसाचे अठरा तास तोंड खाली, सात दिवस. दादरला मामाच्या घरी उशांचा ढीग रचून, मध्ये चेहऱ्यापुरती खाच ठेवून ती पालथी पडून राही. जेवण मांडीवर ताट घेऊन, पाणी नळीने. त्या खोलीत जमिनीवर किती फरश्या आहेत, कोणत्या फरशीला तडा आहे, हे ती अजूनही सांगते. मान धरली, नाक सुजले. शल्यचिकित्सक भोकाला टाका घालत नाही, ते शिवत नाही; तो फक्त ताण काढतो. कडा जवळ येतात त्या बुडबुड्याच्या आडोशाने, डोळ्यातल्याच पेशींच्या करामतीने, आणि मानेच्या जिवावर.

आणखी एक अट होती जी कुठल्या परदेशी लेखात मला अशा शब्दांत सापडली नाही. डॉक्टर म्हणाले, "वायू विरेपर्यंत घाट चढायचा नाही." विमान वर्ज्य हे सगळीकडे लिहितात. पण वाई ७०० मीटरवर. वर जाल तशी बाहेरची हवा विरळ होते, डोळ्यातला बुडबुडा फुगतो, दाब वाढून डोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. वापरलेला वायू परफ्लुरोप्रोपेन, विरायला सहा ते आठ आठवडे घेणारा. त्यामुळे आईची आषाढी दादरलाच झाली. खंडाळ्याच्या घाटाने कुणाला डोळा गमवावा लागेल, असे त्या दिवसापर्यंत आमच्या मनातही आले नव्हते.

भोक बुजले. तक्त्यावर चार ओळी जास्त दिसू लागल्या. रेघा किंचित वाकड्या अजून दिसतात.

त्या सात दिवसांबद्दल पुढे जे वाचले ते आईला सांगावे की नाही, हा प्रश्न मला बरेच दिवस होता. सॅन डिएगोच्या पॉल टॉर्नाम्बी यांनी १९९७ सालीच, तोंड खाली न ठेवताही भोके बुजतात असे थोड्या रुग्णांवर दाखवले होते. पुढच्या अभ्यासांतून लहान भोकांसाठी तरी या शिक्षेची फारशी गरज नाही, असे दिसत गेले. आणि २०२० साली ब्रिटनमधली चाचणी प्रसिद्ध झाली, नेमकी ४०० मायक्रॉनहून मोठ्या भोकांची, म्हणजे आईच्या गटाची. तोंड खाली ठेवणाऱ्यांत भोके थोडी जास्त बुजली, पण तो फरक योगायोगाचा नाही असे ठामपणे म्हणण्याइतका नव्हता.

शेवटी गेल्या चैत्रात सांगितले. ती ओट्यापाशी तांदूळ निवडत होती. आता चष्मा लावून एकटी निवडते.

"म्हणजे उगाच पडून राहिले होते म्हणतोस?"

"तसं नक्की कुणाला म्हणता येत नाही."

तिने दोनतीन खडे बाजूला काढले. मग म्हणाली, "आणि ताईच्या वेळी? तेव्हा कुठंच नव्हतं हे?"

"कुठंच नव्हतं. त्या सॅक्रामेंटोवाल्यांनी छापलं ते एक्क्याण्णव साली."

"म्हणजे सहा वर्षं," आई म्हणाली आणि सूप पुढे ओढून घेतले.